सांगण्याचें कर्तव्य आणि ऐकण्याचें कर्तव्य

विवाह जुळवितांना परस्परांच्या कुळाची व प्रकृतीची चौकशी करणें ही आपल्या समाजांतील फार जुनी चाल आहे, आणि तिच्यांत मूळचें निंद्य असें कांहींच नाहीं. ज्या घरीं आपली मुलगी द्यावयाची त्या घराविषयीं चार ठिकाणीं विचारपूस करणाऱ्या बापास कोणी दोष देणार नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत संबंध करूं नये अशा दहा कुळांची यादी आहे. तींत क्षय, अपस्मार, श्वित्र आणि कुष्ठ हे रोग असलेलीं कुळें येतात. यांपैकीं श्वित्र, म्हणजे अंगावरील पांढरें कोड, कोणाचें कोणास लागत नाहीं. अपस्मारहि लागत नाहीं. क्षय आणि कुष्ठ हे संसर्गाचे रोग खरे, परंतु कुळाचे नव्हेत. भिन्न जातींचे हे रोग एका ओळींत बसले, हा त्या काळच्या ज्ञानाचा दोष होय. पण हॅन्सेननें नॉर्वेमध्यें कुष्ठाचा जंतु १८७३ सालीं दाखविला, कॉखनें क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखविला, आणि तरीहि आमच्या लग्नाच्या बैठकींत ती ओळ जशीच्या तशी बसलेली आहे, हा दोष मात्र सर्वस्वीं आमचा होय.

या विषयावर लिहावयास मी प्रवृत्त झालों तो एका साध्या प्रसंगामुळें. माझ्या वर्गांतील एका मुलीस दुसऱ्या वर्षीं गंडमाळा झाली. मानेच्या गांठींत क्षयाचा जंतु निघाला. तिनें सहा महिने औषध घेतलें, ती पूर्ण बरी झाली, आणि परीक्षेंत वरच्या वर्गांत उत्तीर्ण झाली. ही हकीकत मला ठाऊक होती याचें कारण एवढेंच कीं हजेरींत सूट मिळावी म्हणून तिनें वैद्यकीय दाखला माझ्याकडे दिला होता. पुढें पांचएक वर्षांनीं माझ्या ओळखीचे एक गृहस्थ घरीं आले. त्यांच्या पुतण्यासाठीं त्याच मुलीचें स्थळ सांगून आलें होतें. "सर, तुम्हीं तिला शिकविलें आहे, मुलगी कशी आहे?" त्यांनीं विचारलें. मीं तिच्या बुद्धीची व स्वभावाची मनापासून स्तुति केली. "आणि प्रकृति?" या प्रश्नावर मी क्षणभर थांबलों आणि म्हणालों, "मध्यंतरीं थोडी नाजूक होती. आतां ठीक आहे." ते गृहस्थ चहा घेऊन गेले. तें लग्न जमलें नाहीं. माझ्या त्या वाक्यामुळें जमलें नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण त्या क्षणभराच्या थांबण्यांत जें होतें तें त्यांनीं वाचलें नसेल असेंहि मला म्हणवत नाहीं.

मीं खोटें बोललों नव्हतों. तरीहि अपराध केल्याची जाणीव मला कां व्हावी, हा प्रश्न मीं स्वतःस पुष्कळदां विचारला. त्यांतून निघालेला विचार वाचकांपुढें ठेवीत आहें.

विवाहापूर्वीं रोगाची गोष्ट सांगितली पाहिजे, लपविणें ही फसवणूक होय, हें मत सर्वमान्य आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तें स्पष्ट आहे. सदोष कन्येचा दोष न सांगतां जो ती देतो त्यास राजानें शहाण्णव पण दंड करावा, असें तेथें म्हटलें आहे. परंतु त्याच अध्यायांत याची दुसरी बाजूहि आहे, आणि तिचें स्मरण कोणी करीत नाहीं. कन्या उन्मत्त किंवा कुष्ठी असली तरी तो दोष आधीं उघड सांगून जो ती देतो, तो दंडास पात्र नाहीं. म्हणजे स्मृतिकाराच्या दृष्टीनें दंड लपविण्यास आहे. सांगणारा निर्दोष आहे. आमच्या व्यवहारांत याच्या अगदीं उलट झालें आहे. जो लपवितो त्याचें बहुधा निभावून जातें. जो सांगतो त्याच्या घरावरून पुढचीं दहा स्थळें परत जातात, आणि धाकट्या बहिणीचेंहि अडतें. सांगणाऱ्यास दंड करावयाचा आणि मग न सांगणाऱ्यास फसव्या म्हणावयाचें, हा न्याय कोणत्या स्मृतींत आहे?

कायद्याकडे पाहिलें तरी समाजाच्या मनाचेंच प्रतिबिंब दिसतें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत 'उग्र व असाध्य' कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून घातलें गेलें. प्रथम तीन वर्षांची मुदत होती. १९७६ च्या दुरुस्तीनें तीहि गेली. वास्तविक कुष्ठावर गुणकारी औषधें १९४० नंतरच्या दशकांतच मिळूं लागलीं होतीं, आणि अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० नंतर लवकरच पुरस्कारिली. तेव्हांपासून हा रोग ठराविक मुदतींत पूर्ण बरा होतो. शिवाय बहुसंख्य माणसांच्या अंगीं त्याचा प्रतिकार उपजतच असतो. 'असाध्य कुष्ठ' असें कांहीं उरलेंच नाहीं, तरी तें कलम उरलें. विधि आयोगानें २०१५ सालीं आपल्या अहवालांत तें काढण्याची शिफारस केली. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतून, तसेंच विशेष विवाह कायद्यांतून, कुष्ठ हें घटस्फोटाचें कारण अखेर वगळलें गेलें. औषध आल्यानंतर कलम जाण्यास पस्तीसहून अधिक वर्षें लागलीं. या कलमाखालीं घटस्फोट किती झाले हा प्रश्न गौण आहे. अंगावर चट्टा उठलेली सून माहेरीं पाठवून देण्यास कोणत्या सासऱ्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते? कलमाचें खरें काम निराळें होतें: घरांतून घालवून देणें हें कायद्यालाहि संमत आहे, असा धीर तें घालवून देणाऱ्यास देत होतें.

आणि हा रोग पूर्वेतिहासांत जमा झाला आहे अशी समजूत कोणी करून घेऊं नये. २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थानें कुष्ठाचें निर्मूलन झाल्याचें आपल्या देशांत जाहीर झालें. तरी त्यानंतरहि वर्षाकाठीं सुमारें लाखभर नवे रोगी येथें आढळत आले आहेत. अमरावतीच्या तपोवनांत शिवाजीराव पटवर्धनांनीं व वरोऱ्याच्या आनंदवनांत बाबा आमट्यांनीं या माणसांसाठीं जें उभें केलें त्याचा आम्हां महाराष्ट्रीयांस अभिमान वाटतो. तो रास्तच आहे. पण बऱ्या झालेल्या माणसास स्वतःचें गांव सोडून निराळें गांव वसवावें लागलें, या गोष्टीची लाजहि त्या अभिमानाबरोबर वाटावयास हवी.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. जोडीदारास रोग लागण्याची प्रत्यक्ष भीति असेल तेव्हां काय? दयेच्या नांवाखालीं एका निरपराध माणसास धोक्यांत लोटावयाचें काय? मुळींच नाहीं. एच.आय.व्ही.च्या बाबतींत हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढें आला होता. एका मनुष्याच्या रक्तांतील दोष रुग्णालयानें कळविल्यामुळें त्याचा ठरलेला विवाह मोडला; सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं रुग्णालयास दोषी धरलें नाहीं, पण त्यापुढें जाऊन अशा माणसाचा विवाहाचा हक्कच तहकूब राहतो असेंहि म्हटलें. २००२ सालीं मोठ्या पीठानें तीं पुढचीं विधानें अनावश्यक ठरविलीं. नंतर २०१७ चा जो कायदा झाला त्यांत बाधित व्यक्तीवर जोडीदाराच्या रक्षणासाठीं योग्य ती खबरदारी घेण्याचें कर्तव्य घातलें आहे. आणि सांगितल्यामुळें बाईस मारहाण होईल किंवा तिचा त्याग होईल अशी रास्त भीति असेल, तर तिची गोष्ट जोडीदारास कळविण्यापासून वैद्यास आवरलें आहे. सांगण्याचें कर्तव्य ऐकणाराच्या वागणुकीवर अवलंबून असतें, हें तत्त्व मला आमच्या कायद्यांत प्रथम येथें दिसलें.

तेव्हां विवेकानें पाहतां तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ज्या रोगापासून जोडीदारास आज धोका आहे तो सांगणें हें ऋण आहे. तें बुडविणारा दोषीच होय, आणि नवरामुलगा असला म्हणून तो सुटत नाहीं. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं 'प्रकृति कशी' हा प्रश्न आम्ही बहुधा मुलीविषयींच विचारतों. दुसरी गोष्ट बऱ्या झालेल्या रोगाची. तो सांगणें हें ऋण नव्हे. ती विश्वासानें दिलेली देणगी आहे, आणि देणगी वसूल करतां येत नाहीं. तिसरी गोष्ट मातेच्या, मावशीच्या किंवा आजोबांच्या रोगाची. ती सांगण्याचा अधिकार ज्याची त्याची. इतरांस तो नाहीं. ज्या ज्या माहितीनें माझा निर्णय बदलेल ती सर्व मिळण्याचा मला हक्क आहे, असें कोणी म्हणेल. पण मग माझा निर्णय ज्या भ्रमानें बदलतो त्या भ्रमासहि हक्काचें स्वरूप येईल. गांठींचा क्षय एकाचा दुसऱ्यास सहसा लागत नाहीं. तो फुफ्फुसांत असला तरच खोकल्यावाटे पसरतो. आणि फुफ्फुसांच्या क्षयाविषयींहि मद्रास येथील प्रयोगानें १९५९ सालींच दाखवून दिलें कीं औषध चालूं असतां घरीं राहणाऱ्या रोग्यापासून घरच्यांस, रोगी आरोग्यधामांत असलेल्या घरांच्या मानानें, अधिक धोका होत नाहीं. रोग्याला घराबाहेर काढण्याची गरज नाहीं, हें या देशांतील गरीब घरांनींच जगास शिकविलें. लग्नाच्या बैठकीस मात्र तें अजून कळावयाचें आहे.

आमच्या स्त्रिया दर ज्येष्ठ पौर्णिमेस ज्या सावित्रीचें स्मरण करितात तिची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. सत्यवानाचें आयुष्य एका वर्षाचें आहे हें नारदानें तिच्या बापासमोर उघड सांगितलें. त्यानें लपविलें नाहीं. आणि ऐकणारीनें, तें ऐकून घेऊनहि, आपली निवड बदलली नाहीं. सांगण्याचा धर्म व ऐकण्याचा धर्म असे दोन्ही एका बैठकींत पाळले गेलेले मला अन्यत्र क्वचितच आढळले आहेत. वडास दोरा गुंडाळितांना आम्ही तिचें पातिव्रत्य आठवितों. तिचें ऐकणें आठवीत नाहीं.

आतां माझ्या अपराधाविषयीं. त्या मुलीनें मला दाखला दिला तो विद्यार्थिनीनें शिक्षकास दिलेला होता. भावी सासरच्या चौकशीसाठीं तो नव्हता. जी गोष्ट माझी नव्हती तिचा अर्धा भाग मीं एका चहाच्या कपाबरोबर दुसऱ्याच्या हातीं दिला. 'तिच्या प्रकृतीविषयीं तिलाच विचारा,' एवढें मला म्हणतां आलें असतें. आणि त्याहून चांगलें म्हणजे, 'ती सांगेल तें ऐकण्याची तुमची तयारी आहे काय?' असें विचारतां आलें असतें. तें मीं विचारलें नाहीं, कारण उत्तर मला माहीत होतें, आणि तें उत्तर देणाऱ्या समाजांतून मीहि वेगळा नव्हतों. पुन्हां कोणी असा प्रश्न घेऊन माझ्या घरीं आला, तर त्यास काय सांगावयाचें तें आतां मला ठाऊक आहे. त्या मुलीस मात्र त्याचा कांहीं उपयोग नाहीं.