दुसऱ्यांदा पुढे झालेला हात

थोडा वेळ काढून बसा. पाठ टेकलेली असू द्या, हात मांडीवर मोकळे. श्वास मुद्दाम लांबवू नका. तो आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या. आज एका श्रीमंत बाईच्या दानावर मनन करायचं आहे. घाई कसलीच नाही. ज्या टप्प्यावर मन रेंगाळेल तिथे त्याला रेंगाळू द्या.

आधी पाणी डोळ्यांसमोर आणा. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी, साल 1840 च्या आसपासचं. अलीकडे मुंबई, पलीकडे साष्टी. मध्ये दलदल, तिवरं, भरतीला चढणारं पाणी आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. पलीकडे जायचं तर होडी. पावसाळ्यात वारा फिरला की होडीतल्या माणसाचा जीव मुठीत. पाटी रिकामी करून परतणारी कोळीण, भाजीचं ओझं घेतलेला माळी, तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर टाकून वैद्याकडे निघालेली आई. यांतलं एक माणूस निवडा. ते किनाऱ्यावर उभं राहून पाण्याचा अंदाज घेतंय. त्याच्या शेजारी थोडं उभे राहा.

आता त्या बाईंकडे, आवाबाईंकडे वळू. फ्रामजी नसरवानजी बाटलीवालांची ही मुलगी. 1803 मध्ये तिचं लग्न जमशेटजी जीजीभॉय यांच्याशी झालं. जमशेटजी व्यापारासाठी चीनच्या सफरी करत होते. 1805 मध्ये त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि त्यांना पार केप ऑफ गुड होपला नेलं. तिथून कलकत्त्यामार्गे ते मुंबईत परतले. त्या काळात खुशालीचं पत्रसुद्धा जहाजानेच यायचं. लग्नाला दोनच वर्षं झालेली, माणूस समुद्रावर आणि घरात बातमी नाही. त्या घराच्या उंबरठ्यापाशी क्षणभर थांबा. पाण्यापलीकडे गेलेल्या माणसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे आवाबाईंना वेगळं कुणी सांगायला नको होतं.

पुढे घरात अमाप पैसा आला. तो कुठून आला, हेही आज शांतपणे पाहायचं आहे. कापसाबरोबरच माळव्याच्या अफूच्या व्यापारातून तो आला. ती अफू चीनमध्ये गेली आणि तिथली असंख्य घरं तिने पोखरली. त्याच व्यापारापायी 1839 ते 1842 असं युद्धही झालं. हे वाचताना छातीत काही आवळलं असेल तर आवळू द्या. दानाने ते दुःख फिटत नाही, आणि त्या दुःखामुळे दानाचा उपयोगही पुसला जात नाही. दोन्ही सत्यं शेजारी शेजारी ठेवा. एकाने दुसऱ्याला झाकू नका. आपल्या घरातला पैसाही कुणाच्या ना कुणाच्या घामातून, कधी कुणाच्या नुकसानीतून आलेला असतो. तो हातात आल्यावर कुठे जातो, एवढं तरी आपल्या हाती असतं.

एक खोल श्वास घ्या. पुढे चला.

खाडीवर रस्ता हवा, ही गरज सगळ्यांनाच दिसत होती. कंपनी सरकारने पैसा द्यायला नकार दिला. तेव्हा आवाबाईंनी एक लाख रुपये दिले. त्या काळचे एक लाख. गाजावाजा व्हावा अशीच ही रक्कम होती. या पहिल्या दानाकडे आदराने पाहा, पण इथेच थांबू नका.

काम सुरू झालं. दलदलीत भराव टाकायचा म्हणजे टाकलेला दगड आधी चिखलात जाणार, मग त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. वर काही दिसायच्या आत पैसा खाली जात राहतो. खर्चाचा अंदाज चुकला, लाख रुपये संपले आणि रस्ता अपुरा राहिला.

हा क्षण नीट धरा. आजच्या मननाचा गाभा इथे आहे. पहिल्यांदा देताना मनात उमेद असते, भोवती कौतुक असतं, पुढचं चित्र सुंदर असतं. दुसऱ्यांदा मागणं येतं तेव्हा यांतलं काहीही उरलेलं नसतं. समोर असतो अर्धवट भराव आणि फसलेला हिशेब. आम्ही आमच्याकडून दिलं, आता बाकीच्यांनी बघावं, असं म्हणायला तेव्हा पूर्ण मुभा असते. आणि तसं म्हटल्याबद्दल कुणी बोलही लावत नाही. आवाबाईंनी आणखी सत्तावन्न हजार रुपये दिले. एकूण 1,57,000. अर्ध्या खाडीपर्यंत गेलेला रस्ता किनाऱ्यावरच्या त्या आईच्या काहीच कामाचा नव्हता. तिला पलीकडे पोचवलं ते या सत्तावन्न हजारांनी.

आता स्वतःकडे वळा. आपण पहिल्यांदा उत्साहाने दिलेलं असं काय आहे, जे दुसऱ्या हप्त्यावाचून अडून राहिलंय? एखाद्या मुलाच्या शिक्षणाची पहिली फी. गावच्या वाचनालयाला दिलेली पुस्तकं. आजारी शेजाऱ्याकडे मारलेली एक फेरी. उत्तर शोधायला धावू नका. नाव आपोआप वर येईल. आलं की स्वतःला दोष न देता फक्त त्याच्याकडे पाहा.

आणखी एक टप्पा उरला आहे. रस्ता देताना आवाबाईंनी सरकारला अट घातली: या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. पैसा देणारा माणूस अट घालतो तेव्हा ती बहुधा स्वतःसाठी असते. माझं नाव लावा, माझ्या माणसाला समितीवर घ्या, अमुक लोकांनाच लाभ द्या. या अटीत आवाबाईंसाठी काहीच नव्हतं. होतं ते रिकाम्या खिशाने येणाऱ्या माणसासाठी. रस्ता झाल्यावर तोच माणूस नाक्यावर अडेल, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. दान देऊन झाल्यावरही घेणाऱ्याची काळजी वाहत राहणं याला म्हणतात.

मनाने आजच्या माहीम कॉजवेवर, म्हणजे त्याच रस्त्यावर या. वांद्र्याच्या बाजूला रिक्षा संपते, कारण पुढे शहरात तिला मज्जाव आहे. लोक उतरतात, बस धरतात, कुणी चालू लागतं. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला जाणारे, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याला निघालेले, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला मेणबत्त्या वाहायला चाललेले, आणि रोजच कामाला धावणारे. पश्चिमेला सी-लिंक दिसतो. 2009 मध्ये तो खुला झाला आणि तिथे टोल भरावा लागतो. इथे भरावा लागत नाही. पुढचा, आवाबाईंच्याच नावाचा लेडी जमशेदजी रोड लोकांच्या तोंडी एल. जे. रोड झालाय, आणि त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना आवाबाई ठाऊकही नाहीत. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात वाट करून द्या. कुणी आभार मानावेत अशी अपेक्षा एकदाही मनात आणू नका. असं बघायला जमलं, की देण्यातला हिशेब हळूहळू गळून पडतो.

आपल्यापाशी आवाबाईंची दौलत नाही. पण खाडी प्रत्येकाच्या गल्लीत असते, आणि तिच्या काठी कुणीतरी खोळंबलेलं असतं. मघाशी वर आलेलं ते नाव पुन्हा मनाशी धरा. आज उठल्यावर त्या एकाच कामाचा दुसरा हप्ता भरा: पैशाचा, वेळेचा, नाहीतर श्रमाचा. ते काम तडीला जाईपर्यंत नवं काही हाती घेऊ नका. आणि ज्याच्यासाठी केलं, त्याच्याकडून कसलाही टोल घेऊ नका.