दार आणि ओसरी

गाडीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? राज्याची दोन अक्षरं, आरटीओचा आकडा आणि पुढं गाडीचा नंबर. ही गाडी कुठल्या कचेरीत नोंदवली एवढंच ती पाटी सांगते. आत कोण बसलंय, गेले चार महिने ते कुठं होतं, त्याला ताप आहे का नाही, हे बिचाऱ्या पाटीला काय ठाऊक? पण २०२० च्या त्या उन्हाळ्यात माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी लोक गाडीची पाटी बघत होते. तोंडावर तसंही फडकं बांधलेलं होतं.

आमचं गाव कागल तालुक्याच्या पार शेवटाला. माझ्या रानाचा बांध संपला की कर्नाटक लागतं. तिथं रेघ नाही, भिंत नाही. इकडं ऊस, तिकडं ऊस. इकडची म्हैस तिकडं शिरते आणि तिकडची शिवी इकडं ऐकू येते, तीही मराठीतच. माझी थोरली बहीण निपाणी भागात दिलेली. आमच्या निम्म्या गावाच्या सोयरिकी तिकडच्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून आमच्याकडं सीमाप्रश्न आहे. मोर्चे झाले, लाठ्या बसल्या, माणसं गेली. २००४ पासून तो सुप्रीम कोर्टात पडून आहे. पण एवढं होऊनसुद्धा साधा माणूस बाजाराला नाहीतर बारशाला निघाला, तर त्याला बांधावर कुणी हटकत नव्हतं. कागदावरची सीमा आमच्या पायाला कधी लागली नव्हती.

ती लागली मार्च २०२० मध्ये. २५ तारखेला देश बंद झाला. २९ ला केंद्र सरकारनं राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करायला सांगितलं. मोठ्या रस्त्यावर नाका बसला आणि आडवाटांवर जेसीबीनं मातीचे ढीग पडले. आमच्या पोरांनी गावाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आणि पाटी लावली, बाहेरच्यांना गावबंदी. मला त्यात वावगं वाटलं नाही. रोग नवा, औषध नाही, गावात साठीच्या पुढची माणसं भरपूर. दार लावणं हा काही गुन्हा नव्हे. पण दार लावल्यावर बाहेर कोण राहिलं, हे बघायचं काम कुणाचं? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका ट्रॅक्टरमुळं.

एप्रिलचा तिसरा आठवडा असंल. माझ्या रानाला लागून जी गाडीवाट जाते, तिच्यावर एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. पाटी एमएच २३, म्हणजे बीड जिल्हा. नऊ कोयते, म्हणजे नऊ जोडपी, अठरा माणसं. वर सात लेकरं, दोन शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, भांडी, पाण्याची पिंपं, कोप्यांच्या ताडपत्र्या. सहा महिन्यांचा सगळा संसार त्या दोन ट्रॉल्यांत भरलेला. दिवाळीत पलीकडच्या एका कारखान्याला तोडणीला आले होते. हंगाम संपला, उचल फिटली का नाही ते त्यांनाच ठाऊक, पण काम संपलं होतं आणि कारखान्याच्या आवारात आता त्यांना कुणी ठेवून घेत नव्हतं. नाक्यावरून परतवल्यावर ते आडवाटेनं आमच्या शिवेपर्यंत आले आणि मातीच्या ढिगाशी अडले.

महाराष्ट्र सरकारनं त्याच सुमारास ऊसतोड कामगारांना गावी जायची परवानगी दिली होती. राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत १ लाख ३१ हजारांच्या आसपास कामगार अडकलेत, असा आकडा पेपरात होता. कारखान्यानं यादी करायची, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, मग पाठवायचं. हुकूम चांगला होता. पण तो राज्यातल्या कारखान्यांचा. हे लोक महाराष्ट्राचे आणि कारखाना कर्नाटकातला. त्यांची यादी करायची कुणी?

त्यांचा मुकादम चाळिशीचा माणूस. लांबूनच हात जोडून म्हणाला, "मालक, ते म्हणतेत तुमची गाडी महाराष्ट्राची, निघा हितून. हे म्हणतेत तुमी कर्नाटकातून आलात, हितंच थांबा. मंग आमी कुठले मानायचे?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिकडच्यांनी पाटी वाचली आणि इकडच्यांनी वाट वाचली. ज्याला जे वाचल्यानं दार लावता येईल, ते त्यानं वाचलं. तिकडं महाराष्ट्र म्हटलं की मुंबई डोळ्यांपुढं येत होती, आणि मुंबईत रोगी वाढत होते हे खरंच होतं. इकडं बाहेरून आलेला म्हटलं की संपलं. गंमत म्हणजे आमच्या शिवेपलीकडचं चिक्कोडी, तिथल्या गाड्यांचाही आकडा २३ च आहे, केए २३. आकडा एक, नुसती अक्षरं दोन वेगळी. त्या दोन अक्षरांच्या मधल्या फटीत पंचवीस जीव अडकले होते.

त्याच आठवड्यात आमच्या गावात एक मोटार रात्रीची आली. पुण्याहून. पाटी एमएच ०९, म्हणजे आपली कोल्हापूरची. बाभळीच्या फांद्या बाजूला झाल्या, गाडी आत गेली, फांद्या परत जागेवर. पास होता का, कुणी विचारलं नाही. पोरगा गावचा, आईबापाकडं आला, यायलाच पाहिजे होता. त्याला काही झालंही नाही. पण हिशोब बघा. पुण्यात तेव्हा रोज नवे रोगी सापडत होते, आणि हे तोडकरी दिवाळीपासून उसाच्या फडात. त्यांनी कोयता आणि मोळी सोडून दुसरं काही बघितलं नव्हतं. रोगाच्या हिशोबानं भ्यायचं तर कुणाला भ्यायचं होतं? पाटीनं आपल्याला उलटं सांगितलं आणि आपण ते ऐकलं, कारण आपल्याला ओळखीची पाटी पाहिजे होती. म्हणजे आपण रोगाला भ्यालो ते थोडं, आणि अनोळखी माणसाला भ्यालो ते जास्त.

हे मी गावात बोललो तेव्हा एक शेजारी, माझ्या मुलाच्या वयाचा, मला म्हणाला, "तात्या, तुमचं मन मोठं हाय, पण रोग मन बघत नाही. माझ्या आईला दमा. उद्या तिला काय झालं तर कोल्हापूरला न्यायला गाडी मिळंल का? खाट मिळंल का? मग तुमची माणुसकी माझ्या आईच्या जिवावरच की."

या बोलण्याला सोपं उत्तर नाही. ज्याची आई घरात धापा टाकतीया, त्याला माणुसकीचा धडा देणं सोपं, पण बरं नव्हे. आपल्या घटनेचं १९ वं कलम सांगतं की नागरिकाला देशात कुठंही मोकळेपणानं फिरता येतं, आणि तेच कलम पुढं सांगतं की लोकांच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. म्हणजे फिरणाऱ्याचा हक्क आणि त्या पोराच्या आईचा जीव, दोन्ही एकाच कलमात शेजारी-शेजारी बसलेत. भांडण तिथंच आहे. वाजवी म्हणजे किती, एवढाच प्रश्न.

केरळ आणि कर्नाटकाच्या सीमेवर त्या मार्चमध्ये याचं मोठं उदाहरण घडलं. कासरगोडकडची माणसं दवाखान्याला मंगळूरला जायची, आम्ही निपाणीला जातो तशी. तो रस्ता माती टाकून बंद केला. रुग्णवाहिका अडल्या, उपचारावाचून माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या, आणि प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं. आजारी माणसाची वाट मोकळी करा असं न्यायालयानं सांगितलं. मातीचा ढीग टाकणाऱ्याला रोगच अडवायचा होता. पण ढिगाला रोग कुठला आणि रोगी कुठला हे कळत नाही.

हे आपल्याकडंच झालं असंही नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. जुलै २०२० मध्ये तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं शेजारच्या व्हिक्टोरियाची सीमा बंद केली. १९१९ च्या फ्लूच्या साथीनंतर पहिल्यांदाच असं झालं म्हणे. तिकडं नोकरीतून मोकळी झालेली माणसं मोटारीच्या मागं चाकांवरचं घर जोडतात, त्याला कारवान म्हणतात, आणि महिनोन्‌महिने देशभर हिंडतात. त्यातल्या काहींनी राहतं घर विकलेलं असतं, कारवान हेच घर. तो फोनवर सांगत होता, काका, बाहेरच्या राज्याची पाटी दिसली की पेट्रोल पंपावर लोक आपल्या घरी जा म्हणतात. मी म्हणालो, अरे, ज्याचं घरच गाडीला जोडलंय तो जाणार कुठं? आणि मला माझ्या बांधावरच्या दोन ट्रॉल्या आठवल्या. तिथं हौसेचं फिरणं आणि इथं पोटाचं. पण घर चाकांवर असलं की पाटी हाच माणसाचा पत्ता होतो, हे दोन्हीकडं सारखंच.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो गावोगाव फिरला. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर जायचं आणि कुडाच्या खोपटांत राहायचं. पाटीलही खोपटात आणि सालगडीही खोपटात. त्या प्लेगपायी इंग्रजानं १८९७ ला साथरोगाचा कायदा केला, तोच २०२० मध्ये आमच्या नाक्यावर लागू होता. कायदा एकच, पण तेव्हा निरोगी गाव बाहेर निघत होतं आणि आता बाहेरचा निरोगी माणूस आत घ्यायचा नव्हता. जे गाव एकदा स्वतः खोपटात राहिलंय, त्यानं कोपीतल्या माणसाला परका मानावं, याचं मला नवल वाटतं.

मग करायचं काय? आमच्या जुन्या घरांना दार होतं आणि दाराबाहेर ओसरी होती. वाटसरू आला तर त्याला कुणी चुलीपाशी नेत नव्हतं. पण ओसरीवर तांब्याभर पाणी, भाकरी आणि रात्रीपुरतं घोंगडं मिळायचं. ओसरीमुळं घरही राखलं जायचं आणि माणूसही. आता त्या ओसरीवरसुद्धा सगळ्या जातींना जागा नव्हती, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिथंही माणूस बघायच्या आधी त्याची पाटीच वाचली जायची. तेवढं वजा करून ओसरी घ्यावी. नवी घरं बांधताना आपण ओसरी काढली आणि लोखंडी गेट बसवलं. राज्यांनीही तेच केलं. नाके बांधले, ओसरी कुणी ठेवली नाही.

मी शेजाऱ्याला तेच सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईच्या अंगणात कुणी येणार नाही. माझं हरभरा काढलेलं रान मोकळं आहे, ते तिथं राहतील. विहिरीची मोटर रात्री वीज आल्यावर चालू करायची आणि पाइपनं बांधाकडच्या पिंपात पाणी सोडायचं. पीठ, मीठ, तेल बाभळीखाली ठेवायचं, आपण मागं सरल्यावर त्यांनी उचलायचं. बायकांसाठी आडोशाला ताडपत्री. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली ज्वारीच्या पिठाचा डबा होता, तो त्याच्या घरचा होता. गावातल्या आशाताई रोज लांबून ताप-खोकला विचारून वहीत लिहायच्या.

पाच रात्री ते राहिले. एका बाईची दोन लेकरं गावाकडं म्हाताऱ्या सासूपाशी होती. ती रोज संध्याकाळी माझ्या बांधावर येऊन, लांब उभी राहून विचारायची, "मालक, आज कायी निरोप?" तिच्या फोनचं रिचार्ज संपलेलं. माझ्या मुलानं ते भरून दिलं, तेवढंच. शेवटी यादी झाली, डॉक्टर आले, हातावर शिक्के बसले, पास मिळाला आणि मातीचा ढीग एका बाजूनं उकरला. गावात कुणाला काही झालं नाही. झालं असतं तरी मी हेच लिहिलं असतं, कारण बरोबर काय हे निकालावरून ठरवायचं नसतं. आपण अंतर राखलं का आणि पाणी दिलं का, या दोन्हींवरून ते ठरतं.

दार लावायचा हक्क गावाला आहे, राज्यालाही आहे. पण जो दार लावतो, त्याच्या अंगावर दाराबाहेरचा माणूस येतो. तो कुठल्या पाटीचा हा प्रश्न नंतरचा. आधी त्याला पाणी कुठं, सावली कुठं, आजारी पडला तर दवाखाना कुठं आणि त्यानं वाट कधीपर्यंत बघायची, एवढं ठरवावं आणि मग कडी घालावी. हे जमत नसेल तर ते बंधन वाजवी नव्हे.

साथ ओसरल्यावर मी ग्रामसभेत मांडलं की शिवेवरच्या गायरानात पत्र्याची एक शेड, एक नळ आणि दोन संडास बांधावेत. एरवी ऊसतोडीवाल्यांच्या कामी येतील. काही जण म्हणाले, आता कुठं रोग आहे? ठराव झाला, वहीत आहे. ओसरी अजून बांधायची आहे.