सिद्ध आणि संभाव्य

४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताच्या एकदिवसीय क्रिकेट संघाचे नेतृत्व रोहित शर्माकडून काढून शुभमन गिलकडे सोपविण्यात आले. रोहित त्या वेळी अडतीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकलेला होता. गिल सव्वीस वर्षांचा. इंग्लंडमधील कसोटी मालिकेत त्याने नुकत्याच ७५४ धावा केल्या होत्या. त्या वर्षीच्या दिवाळीत आपल्या मराठी घरांतून फराळाच्या ताटाबरोबर हा वादही फिरत राहिला. गंमत अशी की, एरवी अशा वादात डोकावणाऱ्या प्रांताभिमानाला या खेपेस फारसा वाव नव्हता. रोहितचा जन्म नागपूरचा आणि घडण मुंबईची. निर्णय घेणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर हेही मुंबईचेच. पुढे २५ ऑक्टोबरला सिडनीत रोहितने नाबाद १२१ धावा केल्या आणि आदल्या आठवड्यापर्यंत त्याला निवृत्तीचा सल्ला देणारी मंडळी एका रात्रीत पक्ष बदलून मोकळी झाली.

एका डावाने ज्याचे उत्तर बदलते, तो प्रश्न मुळात नीट विचारलेला नसतो. कोण अधिक धावा काढील, हा ज्योतिषाचा प्रश्न झाला. नैतिक प्रश्न वेगळा आहे. ज्याने आपले मोल सिद्ध केले आहे त्याचे आपण काय देणे लागतो? ज्याला ते सिद्ध करण्याची संधीच अजून मिळालेली नाही, त्याचेही आपण काही देणे लागतो की नाही? आणि जागा एकच असेल तर कोणते देणे आधी फेडावे?

प्रश्न जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराला हाच जाब विचारला जातो. भास, सौमिल्ल यांच्यासारखे कीर्तिमंत नाटककार असताना या हयात कवीच्या कृतीला एवढा मान कशासाठी? जुने म्हणून सारेच चांगले नसते आणि नवे म्हणून काही टाकाऊ ठरत नाही, सुज्ञ माणूस स्वतः पारखून घेतो, अशा आशयाचे उत्तर सूत्रधार देतो. उत्तर उत्तम आहे. पण ते नाटकापुरते उत्तम आहे. कालिदासाचे नाटक झाल्याने भासाचे नाटक कायमचे बंद पडत नाही. क्रिकेटचा संघ अकरांचा असतो, तेथे एकाला आत घ्यायचे तर दुसऱ्याला बाहेर काढावे लागते. शिवाय पारखून घ्यायचे म्हटले तरी ज्याला मैदानावर उतरविलेच नाही त्याला पारखायचे कसे?

आपल्या पिढीला या बाबतीत १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याइतका बोलका दाखला दुसरा नाही. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातला, त्यामुळे येथील मराठी घरांची क्रिकेटमधील निष्ठा नेहमीच दुभंगलेली राहिली. भाषेने मुंबईकडे ओढ आणि राज्याने हैदराबादकडे. त्या दौऱ्यावर दोन्हीकडचे जुने मोहरे होते. मुंबईचे दिलीप सरदेसाई, मूळचे गोव्यातील मडगावचे, तीस वर्षांचे. त्यांची सद्दी संपली असे बोलले जात होते, परंतु नवे कर्णधार अजित वाडेकर यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. हैदराबादचे एम. एल. जयसिंह, बत्तिशीला टेकलेले. १९६८ च्या जानेवारीत बदली खेळाडू म्हणून ऑस्ट्रेलियात बोलावणे आल्यावर फारशा सरावाविना ब्रिस्बेनच्या कसोटीत ७४ आणि १०१ धावा करणारे. आणि यांच्या बरोबर एकवीस वर्षांचा, एकही कसोटी न खेळलेला सुनील गावसकर.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे ७५ धावांत पाच गडी बाद झाले असताना सरदेसाई उभे राहिले. त्यांनी २१२ धावा केल्या आणि एकनाथ सोलकरच्या साथीने डाव सावरला. त्या मालिकेत त्यांच्या ६४२ धावा झाल्या. गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी खेळला नाही, उरलेल्या चार कसोट्यांत त्याने ७७४ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून भारताने मालिकाही जिंकली. जयसिंहांना मात्र तीन कसोट्या मिळूनही सूर सापडला नाही आणि तीच त्यांची शेवटची मालिका ठरली.

म्हणजे एकाच समितीने एकाच दौऱ्यासाठी दोन सिद्ध खेळाडू घेतले. एकाने इतिहास घडविला, दुसरा कोमेजला. दौऱ्यापूर्वी दोघांच्या बाजूने मांडता येण्याजोगा युक्तिवाद एकच होता, तो म्हणजे पूर्वकर्तृत्व. याचा अर्थ पूर्वकर्तृत्व निरर्थक आहे असा नव्हे, पण ते पुरावा आहे, हमी नव्हे. तरुणाची गुणवत्ता तर तेवढाही पुरावा नसून केवळ अनुमान असते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो खरे, परंतु पाय दिसलेली कितीतरी मुले पुढे चार पावलेही चालली नाहीत, त्यांची आठवण म्हणीत राहत नाही. मुंबईच्या पृथ्वी शॉने २०१८ साली राजकोटला पहिल्याच कसोटीत वयाच्या अठराव्या वर्षी १३४ धावा केल्या तेव्हा किती जणांनी त्याच्यात पुढचा सचिन पाहिला होता! २०२४ च्या नोव्हेंबरमधील आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही. आशेच्या खात्यात अपयशाची नोंद नसते, म्हणून आशा नेहमी निष्कलंक दिसते.

जयसिंहांबद्दल आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव रोहन जयविश्व ठेवले. त्यातील ‘जय’ जयसिंहांचा. ज्या माणसाच्या बॅटीतून त्या मालिकेत धावा आल्या नाहीत, त्याच्याकडून नवख्याला काहीतरी मोलाचे मिळाले असले पाहिजे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे आपले शेतकरी नवा गोऱ्हा औताला शिकवताना त्याला जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीला जुंपतात. जुन्याचे ओढण्याचे बळ कमी झालेले असले तरी तासाला कसे लागावे हे तोच शिकवितो. मात्र त्या मोबदल्यात त्याला पेरणीच्या ऐन घाईतही औताला ठेवावे काय, हा प्रश्न उरतोच.

आता नाण्याची दुसरी बाजू. संघातून काढलेल्या ज्येष्ठाला चेहरा असतो. त्याचे शतक आपण पाहिलेले असते, त्याच्यासाठी आपला जीव तुटतो. न निवडलेल्याला चेहरा नसतो. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले, पण बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे भारताकडून एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. अमोल मुजुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, पुढे अकरा हजारांवर धावा जमविल्या, तरी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण या चौघांच्या फळीत त्याला फट सापडली नाही. यात कोणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. बेदी बेदीच होते. पण हानी झाली, हे नाकारता येत नाही. हानी आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्रिकेटचे वाद बहुधा या दोहोंची गल्लत करूनच पेटतात. (२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार होता. त्यामुळे अनेकांना हिशेब चुकता झाल्यासारखे वाटले. मला तसे वाटत नाही. ते त्याचे दुसरे कर्तृत्व आहे, पहिल्याची भरपाई नव्हे.)

अन्याय केव्हा होतो? शासकीय सेवेत माझे आयुष्य गेले आणि ज्येष्ठतासूची व गोपनीय अहवाल यांच्यातील तंटा मी जवळून पाहिला. ज्येष्ठता ही गुणांची पारख करणारी कसोटी नव्हे. तिचा एकच सद्गुण, की ती कोणाचे तोंड पाहत नाही. जेथे वरिष्ठांच्या लहरीचे भय अधिक तेथे ती आंधळी कसोटीही दुबळ्याचा आधार होते. म्हणून कचेरीत मी तिचा मान राखीन. संघात तिला स्थान नाही, कारण तेथे कर्तृत्व हजारोंच्या डोळ्यांदेखत मोजले जाते. पण कचेरी असो वा मैदान, अन्याय होतो तो निवडणारा स्वतःचे काम टाळतो तेव्हा. कृतज्ञतेच्या नावाखाली ज्येष्ठाला ठेवून दिले की निर्णय घ्यावा लागत नाही. ‘तरुणांना वाव’ ही घोषणा केली की ज्येष्ठाला कारण सांगावे लागत नाही. कृतज्ञतेचे देणे मानाने, सन्मानाने, निवृत्तिवेतनाने फेडता येते. संघातील जागेने ते फेडू गेल्यास आपण दुसऱ्याच्या खिशातून आपले कर्ज फेडीत असतो. ज्याच्या खिशातून ते फेडले जाते तो तरुण मात्र त्या बैठकीत हजर नसतो.

या संदर्भात आपल्या हैदराबादच्या लक्ष्मणची आठवण होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेसाठी त्याची निवड झालेली होती, पहिली कसोटी त्याच्या स्वतःच्या गावी, उप्पलच्या मैदानावर होती. १३४ कसोट्या खेळलेल्या माणसाला घरच्या प्रेक्षकांसमोर निरोप घेणे किती सोपे होते! सामन्याच्या पाच दिवस आधी त्याने निवृत्ती जाहीर केली आणि तो सामना खेळला नाही. अनेकांना ती घाई वाटली, काहींना त्यामागे दुखावलेपण दिसले. ते काही असो, निरोपासाठी म्हणून एक जागा अडवून धरणे त्याने नाकारले, एवढे तरी दिसतेच. त्या कसोटीत चेतेश्वर पुजारा या चोवीस वर्षांच्या तरुणाने १५९ धावा केल्या. अर्थात पुजारा शून्यावर बाद झाला असता तरी लक्ष्मणच्या निर्णयाचे मोल उणे झाले नसते.

याच कारणाने विजय मर्चंट यांचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. १९७१ च्या त्या दौऱ्याआधी कर्णधारपदासाठी निवड समितीची मते समसमान पडली. अध्यक्ष या नात्याने मर्चंटनी निर्णायक मत पतौडींच्या विरुद्ध आणि वाडेकरांच्या बाजूने दिले. पतौडी एकविसाव्या वर्षापासून नेतृत्व करीत आलेले, वाडेकर कसोटीच्या नेतृत्वात नवखे. वयाने मात्र दोघे एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे ‘तरुण’ आणि ‘ज्येष्ठ’ हे शब्द तेथे वयाचे नव्हतेच. मालिका हरली असती तर मर्चंटांना तोंड दाखविणे कठीण झाले असते. वाडेकरांनी त्याच वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे विजय मिळविला. १९७२-७३ मध्ये पतौडी संघात परतले आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळले. १९७४ साली इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गमावल्यावर वाडेकरांची कारकीर्द संपली. आणि त्यानंतर वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला तेव्हा नेतृत्वासाठी पुन्हा बोलावणे गेले ते पतौडींनाच.