सोमवारचा सालदार

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. मी ओसरीवर बसून लसूण सोलत होतो. समोर डबे उघडे पडले होते, बाजूला शाळेच्या गणवेशांची चळत इस्त्रीची वाट पाहत होती, आणि अंगणाच्या कडेला माझी आठ वर्षांची थोरली भातुकली मांडून बसली होती. पाच वर्षांचा धाकटा तिच्या संसारातला मुलगा झाला होता. तो खेळातल्या आईला म्हणाला, “मला गोष्ट सांग ना.” खेळातली आई चिमुकल्या पातेल्यावर झाकण ठेवीत म्हणाली, “आज नाही. आज रविवार आहे.”

माझी आई उंबऱ्याशी गहू निवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही. आमच्या अहिराणीत ती एवढेच म्हणाली, “तुना रविवार सोमवारना सालदार शे, भाऊ.”

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचे साल ठरते. मग पुढच्या आखाजीपर्यंत त्याची सकाळ मालकाची आणि संध्याकाळही मालकाची. जन्मभर शेतात राबलेल्या बाईने हा शब्द हसत वापरला होता, पण सहज वापरला नव्हता.

मला राग आला हे कबूल करतो. कारण आमच्या घरातला रविवार हा माझ्या अभिमानाचा विषय होता. आम्ही कोरीटला राहतो. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि पत्नी नंदुरबारला परिचारिका आहे. तिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची; आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल याचा काही नेम नाही. सोमवार ते शनिवार आमचे घर म्हणजे बसस्थानक असते. एक आलेला असतो, एक निघालेला असतो आणि उरलेले डबा शोधीत असतात. तेव्हा तीन वर्षांपूर्वी रविवारचा कारभार मी अंगावर घेतला. आठवड्याचा लसूण सोलायचा, शेंगदाणे भाजून कूट करायचे, ज्वारीचे दळण आणायचे, पालेभाजी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सहा दिवसांचे गणवेश जोडीजोडीने टांगायचे, दप्तरे तपासायची, पेन्सिलींना टोके करायची. भिंतीवर एक पाटी आहे. तिच्यावर वाराखाली डब्याची भाजी लिहिलेली असते. शेजारचे लोक ती पाटी पाहायला येत. एका गृहस्थांनी तर आपल्या बायकोला दाखवायला आणले होते. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा भाव मला तेव्हा कळला नाही, आता कळतो.

आईच्या बोलण्यावर मी मनातल्या मनात पुष्कळ वाद घातला. म्हटले, तयारी हा काय गुन्हा झाला? हीच बाई उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करीत असे. पापड, कुरडया, शेवया, बिबड्या, वर्षाचे तिखट. आमच्या नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची उतरली की शहराबाहेर पथाऱ्यांवर ती वाळत पडलेली असते आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकल्यावाचून पुढे जात नाही. त्यातली पायली-दोन पायली घरी आणून आई देठे खुडीत बसे. उद्याचा विचार करूनच संसार चालतो. ज्याला उद्या नाही, त्याच्या मुलांना डबा नाही.

पण वाद मनात घातला की समोरचा पक्षही आपल्यालाच मांडावा लागतो, आणि तो मांडताना मला एक गोष्ट आठवली. आईच्या बेगमीच्या दिवशी गल्लीतल्या आठ-दहा बायका आमच्या अंगणात असत. कुरडईचा चीक शिजताना आम्ही पोरे वाटी घेऊन भोवती घुटमळत असू आणि कोणी आम्हाला “आज नाही” असे म्हणत नसे. माझ्या रविवारी मी एकटाच असतो. मुलांना मी सकाळीच सांगून ठेवतो की मध्येमध्ये येऊ नका. मी हे सारे त्यांच्यासाठीच करतो, आणि दिवसभर ती मला अडचण वाटत असतात.

हा रविवार आपल्याकडे मुळात आला कसा? शाळेत मी हा धडा शिकवतो, तरी स्वतःला तो कधी लावून पाहिला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यात रविवारची सुट्टी ही मुख्य मागणी होती. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, हीसुद्धा मागणीच होती. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मोकळा ठेवण्याचे मान्य केले. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे सांगत म्हणतात. सहा दिवस मालकासाठी आणि पोटासाठी, तर एक दिवस आपल्या समाजासाठी, असाही त्यांचा विचार होता.

मला कुतूहल आहे ते त्या दोन स्त्रियांचे. जूनमधला तो पहिला मोकळा रविवार त्यांनी कसा घालवला असेल? माझी अशी दाट शंका आहे, की त्या दिवशी त्यांनी धुणे धुतले असेल.

आणि आमच्या गावाकडे पाहिले तर ती सुट्टी अजून पुरती पोचलेलीच नाही. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने इ. स. 321 मध्ये रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो शहरवासीयांना लागू केला. शेतकऱ्याने मात्र हवे तर शेतात खुशाल राबावे, अशी मुभा दिली. ही मुभा आमच्याकडे बिनबोभाट चालू आहे. कापूस वेचणीला आला की वेचणाऱ्या बायकांना वार विचारीत नाही. जितका कापूस वेचला तितकी मजुरी. बैलांचे बरे, अमावास्येला त्यांना औताला जुंपत नाहीत आणि वर्षातून एकदा पोळा येतो. तेव्हा मी रविवारबद्दल जे रडगाणे गातो आहे ते पगारी माणसाचे रडगाणे आहे, हे मला ठाऊक आहे. पण जो दिवस दहा हजार माणसांनी उन्हात उभे राहून मिळवला, तो मी दर आठवड्याला स्वतःच्या हाताने सोमवारच्या पदरात टाकतो, हेही खरेच.

कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. शब्बाथाच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून सारी रांधणी शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत उरकलेली. आमच्या सीमेपलीकडे गुजरातेत ‘रांधण छठ’ असते. त्या दिवशी बायका दुसऱ्या दिवसाचेही रांधून ठेवतात आणि शीतला सातमीला चूल थंड राहते. चुलीलाही एक दिवस विसावा. खुद्द आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आधीचे चार दिवस घराला रंग लागतो, भांडी घासून लखलखतात, भाऊबंद गावोगावहून येतात, रोटांसाठी गहू दळले जातात. रविवारी कानबाई, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी विसर्जन. त्या रविवारी सोमवारच्या डब्याचा विचार करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कष्ट या साऱ्यांतही आहेत; माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांची तोंडे कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. तेली शुक्रवारी राबतो तो शनिवार मोकळा व्हावा म्हणून. आपण दिवाळीच्या आधी आठ दिवस चकल्या तळतो त्या दिवाळीसाठी. भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या आठवड्यासाठी नव्हे. माझे गाडे मात्र उलटे जुंपलेले आहे. मोकळा दिवस राबतो आणि राबणारे दिवस सुरळीत जातात. ते सुरळीत गेले की पुन्हा रविवार, पुन्हा लसूण.

हे सुचल्यावर मी भलत्याच उत्साहात आलो. पुढच्या रविवारी पाटीला हात लावला नाही. मुलांना घेऊन बसने प्रकाशाला गेलो. तापी भरून वाहत होती. केदारेश्वराचे दर्शन घेतले, घाटावर बसून शेंगा खाल्ल्या, धाकट्याला एकामागून एक चार गोष्टी सांगितल्या. चौथी मी जागच्या जागी रचली. संध्याकाळी उशिरा घरी आलो आणि तसेच झोपलो. इतका भरलेला रविवार मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

सोमवारी सकाळी पत्नी रात्रपाळी करून घरी आली तेव्हा थोरली रडत होती, कारण तिचा गणवेश ओला होता. धाकट्याची वही सापडत नव्हती. डब्यात पीठ नव्हते. मी शाळेची वेळ झाली म्हणून पायात चपला सरकवीत होतो. तिने पर्स खुंटीला अडकवली, तोंडावर पाणी मारले, शेजारून वाटीभर पीठ आणले आणि भाकऱ्या टाकल्या. ती झोपायला गेली तेव्हा अकरा वाजले होते, हे मला आईकडून कळले. संध्याकाळी ती रागावली नाही. ती म्हणाली, “प्रकाशाला गेलात ते छान केलंत. फक्त तुमची सुट्टी माझ्या नावावर मांडलीत.”

या वाक्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. मोकळा दिवस आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी कुठल्यातरी दिवशी कमावलेला असतो, आणि पुष्कळदा उपभोगणारा एक असतो नि कमावणारा दुसरा. साऱ्या घराच्या वाटणीचा रविवार एकाच माणसाने भोगायचा, हे दिसायला निवांत असले तरी त्यात थोडी चोरी आहे. आपल्या वडिलांचे निवांत रविवार आपल्याला आठवतात; त्या दिवशी आई काय करीत होती हे आठवायला मात्र डोके खाजवावे लागते. माझ्या वडिलांनी ओसरीवर पडल्यापडल्या सांगितलेल्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत, आणि त्या वेळी आत पाट्यावर वाटण चाललेले असे, हे मला आत्ता लिहिताना आठवले.

तेव्हा आता शनिवार धरला आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी जेवण झाले की ओसरीवर सगळा पसारा मांडतो. मुलांना ‘येऊ नका’ म्हणत नाही. धाकटा लसूण सोलतो. म्हणजे दहा पाकळ्यांतल्या सहा सोलतो, तीन हरवतो आणि एक नाकात घालून पाहतो. थोरली मोज्यांच्या जोड्या लावते. कामाला दुप्पट वेळ लागतो आणि निम्मेच होते. पाटीवर तीनच वारांखाली भाज्या लिहिलेल्या असतात, उरलेल्या वारी देवाची इच्छा. आई मध्येच एखादे गाणे म्हणते. पत्नीची दुपारपाळी नसेल तर तीही येऊन बसते, पण मी तिला हात लावू देत नाही. म्हणजे तसा प्रयत्न करतो. गेल्या महिन्यात एकदा धाकटा चुरगळलेल्या शर्टानेच शाळेत गेला. गुरुजींनी विचारले तेव्हा त्याने “पप्पांची इस्त्री राहिली” असे सांगितले. माझ्या लौकिकाला थोडा धक्का बसला.

परवा पत्नीने पुढच्या महिन्याचा पाळ्यांचा कागद आणला. त्यात एका रविवारी तिची सुट्टी पडली आहे. किती महिन्यांनी, ते आम्ही दोघेही मोजायला धजलो नाही. मुलांनी तो रविवार लाल पेन्सिलीने रंगवून टाकला. मी जाहीर केले, की त्या दिवशी घरात कोणीही काही करायचे नाही. दळण, इस्त्री, भाजी, सगळे आधी. पत्नी हसली आणि म्हणाली, “मग मी दुपारपर्यंत झोपणार.” ते सर्वानुमते मंजूर झाले.

थोरली मात्र विचारात पडली. “पण पप्पा,” ती म्हणाली, “काहीच करायचं नाही, तर मग त्या दिवशी करायचं काय?”

आम्ही सगळे गप्प झालो. मग मी खिशातून पेन काढले, वहीचे एक पान फाडले आणि यादी करायला बसलो. उंबऱ्याशी बसलेल्या आईला हसू आवरेना.