योगभ्रष्टाची गती

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांना जे प्रश्न विचारले, त्यांतील एक प्रश्न प्रत्येक गृहस्थाच्या अंतःकरणाला भिडणारा आहे. ज्याची श्रद्धा आहे, परंतु यत्न पुरा पडत नाही, ज्याचे मन मध्येच योगापासून ढळले, त्याची गती काय? तो प्रपंचातूनही गेला आणि परमार्थातूनही गेला, वाऱ्याने तुटलेल्या ढगासारखा विरून गेला, असेच समजावयाचे काय? हा प्रश्न सिद्ध पुरुषाचा नव्हे. ज्याने आसन घातले आणि चार दिवसांनी उचलून ठेवले, त्या सामान्य माणसाचा हा प्रश्न आहे.

आज हाच प्रश्न विद्यापीठांतून निराळ्या भाषेत विचारला जात आहे. भ्रमणध्वनीवर ध्यान शिकविणारी ॲप्स निघाली आहेत. घंटा वाजते, कोणी मृदू स्वरात श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगतो आणि दहा मिनिटांनी बैठक संपते. मनुष्य ही साधने किती दिवस वापरतो व का सोडतो, याचा शोध घेण्यासाठी संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळतात आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात. 2019 साली अमित बाउमेल व त्यांचे सहकारी यांनी मनःस्वास्थ्याच्या 93 ॲप्सची प्रत्यक्ष वापरावरून पाहणी प्रसिद्ध केली. पंधराव्या दिवशी वापरणारे शेकडा 3.9 उरले होते व तिसाव्या दिवशी 3.3, हे मध्यमान होय. म्हणजे शंभरांनी आरंभ करावा आणि महिन्याअखेर तिघांनी आसनावर असावे! या आकड्यांनी संशोधक चकित होईल. गीतेचा वाचक होणार नाही. मनाला आवरणे म्हणजे वाऱ्याला मुठीत धरणे आहे, ही तक्रार अर्जुनाने केली तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. मन चंचल आहे हे प्रथम मान्य केले आणि मगच अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगितले.

यातील अभ्यासाला यंत्र साहाय्य करू शकेल. वेळेची आठवण देणे, आरंभीची वाट दाखविणे, एकट्याला सोबत देणे, हे उपकार लहान नाहीत. त्यांचा उपहास करणे योग्य नव्हे. पण पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडता आणि आदर अशा तीन अटी घातल्या आहेत. पहिल्या दोहोंची मोजदाद यंत्र करील. तिसरी कोण मोजणार? आणि वैराग्याची गोष्ट तर याहून अवघड. ज्या पडद्यावर ध्यानाची घंटा वाजते, त्याच पडद्यावर पुढच्या क्षणी बाजारभाव, भांडणे आणि करमणूक येऊन उभी राहतात. शिवाय ॲप चालविणाऱ्याचे हित मनुष्य त्या ॲपपाशी टिकून राहण्यात असते. गुरूची इच्छा याच्या उलट, शिष्याला एके दिवशी आपली गरज उरू नये, अशी असते.

सलग किती दिवस बसला, एकूण किती मिनिटे झाली, हेही ॲप पडद्यावर झळकविते. मोजणे आपल्याकडे नव्हते असे नाही. जपमाळ मोजण्यासाठीच आहे. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी ती माळ गोमुखीत झाकली. जप करणाऱ्याचा हात आत चालतो आणि मणी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. साध्या कापडाच्या पिशवीत फलासक्तीवरचा केवढा विचार शिवलेला आहे! आकडा उघडा पडला की साधक आकड्यासाठी बसू लागतो, आणि एक दिवस खंड पडून आकडा शून्यावर आला की बसणेच सोडून देतो.

यंत्राचे कसलेही साहाय्य नसता काय घडते, याचे उदाहरण जयपूरने 1975 साली पाहिले. राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह हे विपश्यनेच्या शिबिरात स्वतः बसून आले होते. त्यांच्या पुढाकाराने जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात श्री. सत्यनारायण गोयंका यांचे दहा दिवसांचे शिबिर भरले. काही बंदींना बेड्या घालून आणण्यात आले, तेव्हा बेड्यांत जखडलेल्यांना ध्यान कसे शिकवावे, असा आक्षेप गोयंकाजींनी घेतला. अधिकाऱ्यांपुढे संकट उभे राहिले. कारण सुरक्षिततेची जबाबदारी त्यांची होती. अखेर बेड्या काढण्यात आल्या. भिंतीच्या आत कोंडलेल्यांपुढे दुसरा पडदा नव्हता, पळवाट नव्हती, म्हणून ते बसले, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण बाहेरच्या गृहस्थाला सगळे दरवाजे उघडे असूनही दहा मिनिटे बसवत नाही, याचा विचार त्यांनी करावा.

पुढे त्या कारागृहातील कार्यातही खंड पडला आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. तेव्हा ते वाया गेले असे कोणी म्हटले असते, तर त्यात आश्चर्य नव्हते. अर्जुनाच्या प्रश्नाला भगवंतांनी दिलेले उत्तर मात्र याच प्रसंगासाठी आहे. कल्याण करू पाहणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. त्याचा पूर्वीचा अभ्यास त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, पुन्हा ओढून आणतो. म्हणून ज्या गृहस्थाने महिन्याभरात ॲप काढून टाकले, त्यानेही स्वतःला त्या सत्त्याण्णवांत कायमचे मोजून ठेवण्याचे कारण नाही. संशोधकाचे पान तिसाव्या दिवशी संपते. साधकाचे तसे नाही.

जयपुरात प्रथम घातलेले ते आसन पुढे दिल्लीच्या तिहार कारागृहात 1993 साली पुन्हा मांडले गेले. 1994 च्या एप्रिलमध्ये तेथे एकाच शिबिरात हजाराहून अधिक बंदी डोळे मिटून बसले.