पोथी हरवल्यावर

मलिदा म्हणजे काय, हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोळी कुस्करायची, गूळ-तुपात कालवायची, झाला मलिदा. दर्ग्यावर नवस फेडायला हाच लागतो, आणि फेडणाऱ्याची जात-धर्म मराठवाड्यात सहसा कुणी विचारत नाही.

इथला माणूस अलिबागजवळच्या रेवदंड्याला गेला आणि एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरात मलिद्याला बसला, तर त्याच्यापुढे वेगळंच ताट येईल: भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरं, सोबत फळं. हा नवस ज्यूंच्या एलियाहू हन्नावी या प्रेषिताचा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याचा रथ टेकला होता, अशी श्रद्धा आहे. तिथल्या कातळावर चाकांच्या खुणाही दाखवतात.

रेवदंडा-चौल हे फार जुनं बंदर. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीलाही ते ठाऊक होतं. इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी इथं आला, तेव्हा शिलाहारांच्या झंझ राजाची सत्ता होती. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांचे व्यवहार त्यांच्यातलाच नेमलेला प्रमुख पाहतो, असं त्यानं नोंदवलं. पुढे पोर्तुगीज आले, तटबंदी उभी राहिली, आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेलं.

अशा गावाविषयी लिहिताना ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द लगेच लेखणीवर येतो. तो क्षणभर बाजूला ठेवला, तर त्याहून अवघड प्रश्न समोर येतो. गुरू मागे राहिला, पोथी हरवली, तर माणसाजवळ धर्माचं काय उरतं?

अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यावर नेमकी हीच वेळ आली. १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याची धर्मपुस्तकं वाटेतच लुटली गेली होती. पुस्तकं नाहीत, म्हणून ख्रिस्ती सणांच्या तिथी कळेनात. ईस्टर कधी, उपास कधी, काही पत्ता लागेना. शेवटी त्यानं मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपले उपास धरले. त्याच्या प्रवासवृत्ताच्या अखेरीस आलेली प्रार्थनाही अरबी-फारसी-तुर्की शब्दांत आहे. तो ख्रिस्तीच राहिला की मुसलमान झाला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

बेने इस्रायलींचं नेमकं उलट झालं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. हिब्रू विसरली, घरात मराठी आली, गावांवरून किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावं पडली. तेलाचा घाणा हा धंदा झाला. पण शनिवारी घाणा बंद! शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांनी सुंता सोडली नाही, खाण्यापिण्याचे काही निर्बंध सोडले नाहीत आणि ‘शेमा’ ही एवढी एक प्रार्थना तोंडात ठेवली.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लईत तिसराच प्रकार. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी तिथल्या कॅथलिक घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून बोलली जाते.

निकितिननं पंचांग गमावलं, बेने इस्रायलींनी भाषा गमावली. तरी निकितिनचा उपास सुटला नाही आणि तेल्यांचा शनिवार मोडला नाही. यातला कोणता धर्म ‘शुद्ध’, हे विचारणाऱ्याला चौल उत्तर देणार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यानं त्यामागचं तत्त्वज्ञान शेजाऱ्याला पटवलं नव्हतं. शेजाऱ्यानंही ते मागितलं नाही. तेल रविवारी घेतलं.

शुद्धतेचा हा प्रश्न बेने इस्रायलींना खरोखर विचारला गेला, तो इस्रायलमध्ये. तिथल्या धर्मपीठानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. त्याविरुद्ध आंदोलन झालं, आणि ते सर्वार्थानं ज्यू आहेत हे १९६४ मध्ये अधिकृतपणे मान्य झालं. याच समाजानं पुढे इस्रायलमध्ये मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव ‘मायबोली’.