मुक्या जिवाचा हिशेब कोणीं द्यावा?

आळेफाट्याच्या एस. टी. स्थानकावर कांद्याच्या बाजाराच्या दिवशीं जो मनुष्य घटकाभर बसतो, त्याच्या दृष्टीस दोन प्रकारचीं कुत्रीं पडतात. कांहीं हॉटेलांतील उरल्यासुरल्या अन्नावर वाढलेलीं धष्टपुष्ट असतात. कांहीं लंगडीं, खरजेनें केंस गेलेलीं, पुणें–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर ह्या दोन रस्त्यांवरील गाड्यांखालीं सांपडून कशींबशीं जगलेलीं असतात. अशा एखाद्या कुत्र्याकडे पाहून कोणी म्हणतो, "ह्यास एक सुई टोंचून मोकळें करावें, हीच दया." दुसरा म्हणतो, "शहरांत अशांसाठीं आश्रयगृहें आहेत; तेथें पोंचतें करा, म्हणजे आपण सुटलों." दोघांच्याहि बोलण्यांत चांगुलपणा आहे. परंतु एक प्रश्न दोघांसहि सुचत नाहीं, आणि तोच आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. ज्याच्या हातीं मुका जीव सोंपविला, त्यानेंच तो विनाकारण मारिला, आणि त्या कृत्यास दया असें नांव दिलें, तर त्याजकडे हिशेब कोणीं मागावा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जनावरास मरण देणें हें सर्वकाळ अन्यायाचेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. मालमोटारीखालीं पाठीचा कणा मोडलेलें, बरें होण्याची आशा नसलेलें कुत्रें दोन दिवस उन्हांत तडफडत ठेवणें ह्यांत दया नाहीं. अशा वेळीं जाणत्या वैद्याच्या हातून त्याचा शेवट शांतपणें व्हावा, हेंच योग्य. पण दयेचें नांव घेतल्यानें प्रत्येक कृत्य दयेचें होत नाहीं. त्याची एक सोपी कसोटी आहे. त्या मरणानें सुटका कोणाची झाली, असें विचारावें. कुत्र्याची असह्य वेदनेंतून सुटका झाली असेल, तर ती दया होय. राखणाऱ्याची सुटका झाली असेल, म्हणजे पिंजरा रिकामा झाला, भाकरी वांचली, औषधाचा खर्च टळला, तर ती दया नव्हे, ती सोय होय. सोयीस दयेचें वस्त्र नेसविणें हें मारण्याहूनहि वाईट आहे. कारण मारणाऱ्यास कधीं तरी पश्चात्ताप होईल, पण आपण दयाच केली असें समजणाऱ्यास तो कधींच होणार नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यानें हा भेद ओळखिला आहे. मोकाट कुत्र्यांविषयीं प्रथम २००१ सालीं व नंतर २०२३ सालीं केंद्र सरकारनें नियम केले. त्यांप्रमाणें धडधाकट कुत्र्यास पकडून, त्याचें निर्बीजीकरण करून व रेबीजची लस टोंचून जेथून आणिलें तेथें परत सोडावयाचें असतें. मरण द्यावयाचें तें केवळ असाध्य रोग झालेल्या किंवा प्राणांतिक जखमी झालेल्या कुत्र्यास. आणि तेंहि एकट्या रखवालदाराच्या शब्दावर नव्हे, तर त्या कामीं नेमलेल्या मंडळाच्या निदानावर, शिकलेल्या पशुवैद्याच्या हातून, वेदना न होतील अशा रीतीनें. एका कुत्र्यास दुसऱ्या कुत्र्यादेखत मारूं नये, आणि प्राण गेल्याची खात्री झाल्यावांचून प्रेत हलवूं नये, असेंहि त्यांत सांगितलें आहे. ज्यांनीं हे नियम लिहिले त्यांस मनुष्याचा स्वभाव ठाऊक होता. एकांतांत, दाराआड, कोणी विचारणारा नसतां, भल्या मनुष्याचाहि हात सैल पडतो.

हें आम्ही तर्कानें बोलत नाहीं. आपल्याच इलाख्याचा इतिहास तसें सांगतो. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत मोठा दंगा झाला. मोकाट कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि प्रत्येक कुत्र्यामागें शिपायास बक्षीस ठरलेलें होतें. जेथें मरणामागें पैसा मिळतो, तेथें मोकाट कोणतें आणि पाळींव कोणतें हें कोण पाहत बसतो? शिपाई घरांच्या दारांतूनहि कुत्रीं ओढूं लागले, आणि पारशी लोकांनीं दुकानें बंद करून शहराचा व्यवहार थांबविला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशहा ह्यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तरीहि मारणें संपलें नाहीं. विसाव्या शतकांत मुंबईची महापालिका वर्षानुवर्षें कुत्र्यांस विजेचा धक्का देऊन मारीत असे. आणि इतकीं मारूनहि रस्त्यांवर कुत्रीं पूर्वींइतकींच दिसत, कारण रिकाम्या जागीं नवीं येत व त्यांचीं पिलें जगत. १९९४ सालीं तो मार्ग सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरिला गेला. २००८ च्या डिसेंबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें बहुमतानें उपद्रवी कुत्रीं मारण्याची मुभा दिली, पण पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तीस स्थगिती दिली. एवढ्या वर्षांच्या वादांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. मारण्याची सत्ता कोणाच्या हातीं असावी ह्याहून, ती वापरल्यावर त्यानें उत्तर कोणास द्यावें, हा प्रश्न मोठा आहे.

कोणी म्हणेल, सरकारी शिपाई निर्दय होते. पण प्राण्यांच्या रक्षणासाठींच निघालेल्या संस्थांवर संशय कां घ्यावा? ह्याचें उत्तर अमेरिकेंतील एका गोष्टींत आहे. व्हर्जिनिया संस्थानांत २०१४ च्या ऑक्टोबरांत पेटा ह्या जगप्रसिद्ध प्राणिरक्षक संस्थेच्या लोकांनीं एका कुटुंबाच्या ओसरीवरून त्यांची लहान कुत्री नेली. तेथील कायद्याप्रमाणें ती पांच दिवस राखून ठेवावयास हवी होती. परंतु त्याच दिवशीं तिला मारण्यांत आलें. ते पांच दिवस कशासाठीं होते? धन्यानें शोधीत यावें, ह्यासाठीं. संस्थेनें चूक कबूल केली, सरकारनें ५०० डॉलर दंड केला, कुटुंबानें दिवाणी दावा लाविला, व २०१७ सालीं ४९,००० डॉलर देऊन तो मिटविण्यांत आला. मध्यंतरीं २०१५ सालीं त्या संस्थानानें कायदा करून, खासगी आश्रयगृहाचा हेतु जनावरास कायमचें घर मिळवून देणें हाच असावा, असें ठरविलें. ह्यावरून दिसतें कीं संस्थेचें नांव मोठें असणें व तिचा हेतु चांगला असणें, हें हिशेबाच्या जागीं चालत नाहीं. ज्याचा हेतु खरोखर चांगला आहे, त्यास वही उघडून दाखविण्याची भीति कसली?

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे, कारण तें खोटें नाहीं. ज्या बापाच्या लेंकरास पिसाळलेलें कुत्रें चावलें, त्याजपुढें कुत्र्याच्या न्यायाची गोष्ट काढणें त्यास क्रूरपणाचें वाटेल. लेंकराचा जीव कुत्र्याहून मोलाचा आहे, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं. म्हणून कुत्रें चावतांच जखम पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, मिरची किंवा मंत्र ह्यांवर भिस्त ठेवूं नये. पण पाहा, घाईनें मारण्यांत येथेंहि मनुष्याचेंच नुकसान आहे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेविली असतां, तें जगलें कीं मेलें ह्यावरून वैद्यास पुष्कळ कळतें. लस तोंवर थांबवावयाची नाहीं हें खरें. पण रागाच्या भरांत कुत्र्यास ठेचून नाल्यांत टाकणारा मनुष्य ती खूणच पुसून टाकतो. तेव्हां विचारपूर्वक वागणें हें केवळ कुत्र्याच्या हिताचें नाहीं, लेंकराच्याहि हिताचें आहे.

जुन्नर तालुक्यांतील आमच्या वाचकांस आम्ही एक तुलना सुचवितों. आपल्या उंसाच्या शेतांत बिबट्या राहतो, व माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड येथें माणसें दगावल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरांत एक बिबट्या गोळी घालून ठार करण्यांत आला. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें त्यासाठीं राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम लागतो, हुकुमांत कारणें नमूद करावीं लागतात, आणि जनावर पकडणें शक्य नाहीं अशी त्या अधिकाऱ्याची आधीं खात्री व्हावी लागते. ज्यानें मनुष्य मारिला त्या श्वापदास मारण्यापूर्वीं सरकार कारण लिहून ठेवितें. आणि ज्यानें त्याच श्वापदाची चाहूल लागतांच रात्रभर भुंकून आपलें घर जागें ठेविलें, त्या कुत्र्याचें मरण मात्र एका ओळीच्याहि योग्यतेचें नाहीं काय?

हा प्रश्न आतां दूरचा राहिला नाहीं. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, इस्पितळें, बस व रेल्वे स्थानकें अशा ठिकाणांहून मोकाट कुत्रीं उचलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला. आदेशाच्या बऱ्यावाईटपणाविषयीं जाणत्यांचीं मतें भिन्न आहेत. पण एवढें खरें कीं रस्त्यावरचें कुत्रें सर्वांच्या डोळ्यांसमोर जगतें व मरतें, तर भिंतीआडचें कुत्रें केवळ राखणाऱ्याच्या मनावर जगतें. म्हणून भिंत जितकी उंच, तितकी वही उघडी असली पाहिजे.

येथें आश्रयगृहांत राबणाऱ्यांविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. दहांच्या जागेंत पन्नास जनावरें आणून टाकणारे पुष्कळ, आणि भाकर देणारे थोडे. ज्यानें रात्रीच्या अंधारांत पोत्यांत घालून पिलें फाट्यावर सोडिलीं, ज्यानें म्हातारें झालेलें राखणीचें कुत्रें बाजारांत दूर नेऊन चुकविलें, त्यानें दुसऱ्याकडे हिशेब मागण्यापूर्वीं आपला द्यावा. तसेंच केवळ ऐकीव गोष्टीवरून कोणा सेवकास खुनी ठरवूं नये. नीट ठेवलेली नोंद त्याचेंहि रक्षण करिते. खरें लिहून ठेवणाऱ्यावर आळ टिकत नाहीं.

मग आपण काय करावें? ज्या आश्रयगृहांत कुत्रें द्यावयाचें, तेथें चार प्रश्न नम्रपणें विचारावे. आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद होते काय? धन्यास शोधण्यासाठीं किती दिवस वाट पाहतात? मरण द्यावयाचें तें कोणाच्या निदानावर? आणि त्याचें कारण लिहून ठेवितात काय? उत्तर मिळालें नाहीं, तर ग्रामपंचायतीस व पशुधन विकास अधिकाऱ्यास लेखी कळवावें. उघड अन्याय दिसला तर पोलिसांकडे जावें. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें पहिल्या गुन्ह्यास अवघा दहा ते पन्नास रुपये दंड ठेविला होता; परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाप्रमाणें जनावरास अन्यायानें मारणाऱ्यास पांच वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते. आपल्या मंडळींतील उपदेशक बंधूंस अर्ज लिहितां येतो. ज्यांस येत नाहीं त्यांचा अर्ज त्यांनीं लिहून द्यावा.

कुत्रें साक्ष देऊं शकत नाहीं, वकील लावूं शकत नाहीं. आपला धनी कोण होता, आपण आजारी होतों कीं नव्हतों, हें तें सांगूं शकत नाहीं. म्हणूनच त्याच्या वतीनें कोणी तरी विचारलें पाहिजे. जो बोलूं शकतो त्याचा हिशेब चोख ठेवणें हें भीतीमुळेंहि घडतें. जो कधींच बोलणार नाहीं, त्याचाहि हिशेब जो मनुष्य चोख ठेवितो, त्याच्या हातीं आपलीं गुरें, आपलें धान्य आणि आपलीं लेंकरें निर्धास्तपणें सोंपवावीं.